विमानाचें उतरणें

आमच्या कळस गांवाच्या बाजूनें बारामतीचीं शिकाऊ विमानें घरघरत जातात. अंगणांतलीं मुलें आतां मानही वर करीत नाहींत. परंतु २५ जुलै २०२२ रोजीं सकाळीं साडेअकराच्या सुमारास कडबनवाडीच्या शिवारांत असें एक विमान येऊन आदळलें, तेव्हांपासून त्या घरघरीकडे आमचे कान लागतात. विमान सेसना १५२ जातीचें, दोन आसनांचें. आंत २२ वर्षांची विद्यार्थिनी एकटीच. इंजिनाचें बळ गेलें आणि शेतांत उतरण्यावांचून गति उरली नाहीं. विमान मोडलें; मुलगी किरकोळ दुखापतीवर बचावली. पुढें १९ व २२ ऑक्टोबर २०२३ रोजीं, चार दिवसांच्या आंत, बारामतीजवळ आणखी दोन शिकाऊ विमानें कोसळलीं.

आमच्या एका स्नेह्यांच्या नातीस वैमानिक व्हावयाचें आहे. "उडणें साधलें, मग उतरण्यांत एवढें कठीण तें काय?" असें त्यांनीं आम्हांस विचारलें. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत पुष्पक विमान श्रीरामचंद्रांची इच्छा जाणून आपण होऊन खालीं उतरतें. तेथें अधिदेवता होती. येथें सारा भार वीस-बावीस वर्षांच्या हातांवर!

भूमि कांहीं फुटांवर आली कीं विमानाचें नाक हळूहळू उचलून वेग मारावयाचा, तो असा कीं उड्डाणाचें बळ सरावें तेव्हां चाकें जमिनीपासून वीतभरच असावींत. नाक लवकर उचललें तर दहा फुटांवरच बळ सरतें आणि विमान धोंड्यासारखें पडतें. उशीर झाला तर तें उतरत्या वेगानिशीं आपटतें. वैमानिक यास 'हार्ड लँडिंग' म्हणतात. मागच्या दोन चाकांचे पोलादी पाय लवचिक असल्यामुळें विमान चेंडूसारखें उसळतें. नवशिका घाबरून नाक खालीं दाबतो. मग पुढचें नाजूक चाक आधीं टेकतें, दुसरी उसळी पहिलीहून मोठी होते आणि अखेर तें चाक मोडून पंखा धावपट्टीवर घासतो.

वास्तविक पहिल्या मोठ्या उसळीसच इंजिनास पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जावें, एक फेरी घालून नव्यानें उतरावें. यांत उणेपणा कसला? पण गणिताची पहिलीच ओळ चुकली असतांना पाटी न पुसतां तेंच पुढें रेटणारीं मुलें आम्हीं चाळीस वर्षें पाहिलीं. त्यांत हुशार मुलेंही पुष्कळ असत.

इंजिनच बंद पडलें तर ही दुसरी संधि नाहीं. हजार फुटांवरून सेसना सुमारें नऊ हजार फूट, म्हणजे तीन किलोमीटरांहून कमी, तरंगत जाते. तेवढ्यांतच शेत निवडावयाचें, शक्य तों वाऱ्याच्या तोंडावर आणि कमी वेगानें टेकावयाचें. ताशीं ८० च्या जागीं १२० किलोमीटर वेग असला तर आघाताची शक्ति दीडपट नव्हे, सवादोनपट होते. कडबनवाडीच्या त्या मुलीस हा सारा विचार एकटीनें करावा लागला असेल.

हें ऐकून आमच्या स्नेह्यांनीं नातीस सांगितलें, "उतरतांना बिघडलें म्हणून विमान परत वर नेलें तर रागावतात का, एवढेंच विचारून ये." ती विचारून आली. "नाहीं आजोबा, न नेलें तर रागावतात."

दुसरे दिवशीं त्यांनीं शुल्काचा पहिला हप्ता भरला.