कान अजून घाटातच

चिकोडीहून संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा करत आंबोली गाठायची आणि घाट उतरून सावंतवाडीला जायचं. वाटेत कानांना दडे बसतातच. आवंढा गिळला की मोकळे. पण सर्दी असेल तर दडे निघता निघत नाहीत. का बरं?

कानाच्या पडद्यामागे हवेची एक इवलीशी खोली असते. तिथून घशाकडे साडेतीन सेंटिमीटरची नळी जाते. ही नळी एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. सर्दीत ती सुजून बंद राहते. म्हणजे तुम्ही सावंतवाडीत पोचलात तरी त्या खोलीत हवा अजून आंबोलीचीच! बाहेरचा वाढलेला दाब पडद्याला आत ढकलत राहतो.

हा आतला दाब मोजायचा कसा, तोही पडद्याला धक्का न लावता? इथे टिम्पॅनोमेट्रीची कमाल आहे. कानात मऊ रबरी बोंडूक घट्ट बसवतात. त्यातून २२६ हर्ट्झचा घुमणारा सूर सोडतात आणि किती आवाज परत येतो ते यंत्र ऐकतं. ताणलेला पडदा आवाज परतवतो, सैल पडदा आत जाऊ देतो. सूर चालू असतानाच पडद्याबाहेरचा दाब अधिक २०० पासून उणे ४०० डेकापास्कलपर्यंत उतरवत नेतात. दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला की पडदा सर्वांत सैल होतो आणि आलेखावर सुळका उभा राहतो. सुळका जिथे, तोच आतला दाब!

आता गंमत बघा. घाटात एक मीटर उतरलं की हवेचा दाब एका डेकापास्कलहून किंचित जास्त वाढतो. म्हणजे सुळका उणे २०० वर आला, तर तुमचा कान जणू पावणेदोनशे मीटर वर, वळणावरच राहिलाय. आणि हे सगळं काही सेकंदांत, तुम्हाला एकही प्रश्न न विचारता. म्हणून तर तान्ह्या बाळाचाही कान तपासता येतो, फक्त सूर जास्त उंच लावतात.

आवाजाला होणारा कानाचा हा विरोध १९४६ साली कोपनहेगनच्या ऑटो मेट्झ यांनी मोजून दाखवला. दाब बदलत नेण्याची युक्ती पुढे तिथल्याच टर्किल्डसेन यांची.

सुळकाच नसेल, नुसती सपाट रेघ आली तर? पडद्यामागे पाणी साचलंय किंवा पडद्याला भोक आहे. यातलं कोणतं, हेही यंत्र ओळखतं, कारण समोर किती हवा आहे ते ते मिलिलिटरमध्ये सांगतं. भोक असेल तर मागची खोलीही मापात येते आणि आकडा फुगतो.

सुळका अगदी जागच्या जागी, तरीही एका कानाला अचानक दडा बसलाय? मग दोष बहुधा मधल्या कानात नाही. आतल्या कानाची श्रवणशक्ती एकाएकी गेली, तरी सुरुवातीला नुसता दडाच जाणवतो. तेव्हा कानात तेल घालून वाट पाहू नका. त्याच दिवशी ऐकण्याची तपासणी करून घ्या, कारण यावरच्या उपचारात पहिले काही दिवसच मोलाचे असतात.