भयपट घरात येतो तेव्हा
('मुंज्या' चित्रपटाच्या निमित्ताने पालकांशी संवाद)

शाळेला सुट्टी लागली की किशोरवयीन मुलांच्या गप्पांत भुताखेतांच्या चित्रपटांचा विषय हमखास निघतो. अशा वेळी आपल्यापैकी काही पालक "असले काही पाहायचे नाही" असे बजावून विषय संपवतात, तर काही जण "पोरांची करमणूक आहे, चालू द्या" म्हणून तिकडे दुर्लक्ष करतात. आमच्या मते या दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. बंदी घातलेला चित्रपट मूल चोरून पाहते आणि दुर्लक्ष झालेला चित्रपट ते एकटे पाहते. दोन्ही वेळा मनात उठलेल्या भीतीविषयी बोलायला त्याच्याजवळ कोणी नसते. भयपटांची खरी अडचण येथे आहे. म्हणून या विषयाची थोडी माहिती करून घेणे आवश्यक वाटते.

चित्रपटगृहातून घरात

उदाहरणादाखल 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट घेऊ. आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेला आणि मॅडॉक फिल्म्सने निर्माण केलेला हा चित्रपट ७ जून २०२४ रोजी चित्रपटगृहांत झळकला आणि त्याने शंभर कोटी रुपयांहून अधिक व्यवसाय केला. सुमारे अकरा आठवड्यांनंतर, २४ ऑगस्ट २०२४ रोजी, तो 'स्टार गोल्ड' वाहिनीवर दाखवण्यात आला आणि पाठोपाठ आज 'जिओहॉटस्टार' या नावाने चालणाऱ्या सेवेवरही आला. याच दिग्दर्शकाचा 'झोंबिवली' हा मराठी चित्रपट तर डोंबिवलीतच घडतो. तो २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी मे महिन्यात 'झी फाइव्ह'वर घरोघरी पोहोचला.

चित्रपट घरी येणे ही काही नवी गोष्ट नाही. १९८० च्या दशकात भाड्याने व्हीसीआर आणून चाळीतील सर्व मंडळी एकत्र बसून रात्रभर चित्रपट पाहत असत. पुढे सीडीचा जमाना आला. २००७ च्या सुमारास 'मोझर बेअर' कंपनीने अवघ्या २८ रुपयांत व्हीसीडी विकण्यास सुरुवात केली. परंतु या सर्व काळात एक गोष्ट कायम होती. पडदा एकच होता आणि पाहणारे अनेक होते. घाबरलेले मूल आईच्या पदराआड तोंड लपवू शकत होते. आजीच्या "अरे, ते खोटे असते" या एका वाक्याने निम्मी भीती पळून जात असे.

आज तोच चित्रपट हाताच्या तळव्याएवढ्या पडद्यावर, कानांत इअरफोन घालून, बहुधा एकट्याने पाहिला जातो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील अनेक घरांत आई आणि वडील दोघेही नोकरीनिमित्त लोकलने मुंबईला जातात आणि रात्री उशिरा घरी परततात. शाळा-महाविद्यालयातून आलेले मूल मधले तीन-चार तास बंद घरात एकटेच असते. त्या तासांत त्याच्या सोबतीला फक्त मोबाइल असतो.

कथेत काय आहे?

लोकसमजुतीनुसार मुंज झाल्यानंतर आणि सोडमुंज होण्यापूर्वी मरण पावलेल्या मुलाचा 'मुंज्या' होतो आणि तो पिंपळावर राहतो. कोकणातील ही जुनी समजूत चित्रपटात कथेचा आधार बनते. १९५२ मध्ये गोट्या नावाच्या मुलाला त्याच्याहून वयाने मोठ्या असलेल्या मुन्नीशी लग्न करायचे असते. मुन्नीचे लग्न दुसरीकडे ठरते. तिला मिळवण्यासाठी तो अघोरी विधीचा मार्ग धरतो आणि स्वतःच्या बहिणीचा बळी देऊ पाहतो. त्या झटापटीत त्याचाच जीव जातो. पुढे अनेक वर्षांनी त्या बहिणीचा नातू बिट्टू याच्या मानगुटीवर हा मुंज्या बसतो. मुन्नीची नात बेला दृष्टीस पडताच तिच्याशी आपले लग्न लावून द्यावे, असा हट्ट तो धरतो.

केवळ भुताची गोष्ट म्हणून याकडे पाहिले तर महत्त्वाचा धागा हातून निसटतो. मुंज्याला भयंकर बनवतो तो त्याचा हट्ट. समोरच्या मुलीला काय वाटते, हा प्रश्न त्याला एकदाही पडत नाही. आजच्या किशोरांना नेमकी हीच गोष्ट समजावून सांगण्याची गरज आहे. नकार स्वीकारता न येणे हा प्रेमाचा पुरावा नव्हे. "मुंज्याचे नेमके काय चुकले?" हा साधा प्रश्न जेवणाच्या ताटावर विचारला, तरी एखाद्या व्याख्यानापेक्षा अधिक काम होऊ शकते.

'झोंबिवली'तही असा धागा आहे. तेथील संकट भुतामुळे येत नाही, दूषित पाण्यामुळे येते. उंच इमारतीतील रहिवासी आणि शेजारच्या वस्तीतील माणसे यांच्यातील दरी हा त्या कथेचा गाभा आहे. डोंबिवलीकरांनी २०१४ मध्ये हिरवा पाऊस आणि २०२० मध्ये प्रदूषणाने गुलाबी झालेला रस्ता पाहिला आहे. तेव्हा खरे भय कोठे आहे, हे त्यांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रमाणपत्र आणि कुलूप

भारतात चित्रपटांचे प्रमाणीकरण १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार होते. 'यू' म्हणजे सर्वांसाठी, 'ए' म्हणजे केवळ प्रौढांसाठी. १९८३ पासून त्यांच्या मधला 'यू/ए' हा वर्ग आला. त्याचा अर्थ असा की, लहान मुलांना चित्रपट दाखवावा की नाही हे पालकांनी ठरवायचे. २०२३ च्या दुरुस्तीने या वर्गाचे वयानुसार ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग केले आहेत.

ऑनलाइन सेवांसाठी केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये नियम लागू केले. त्यांनुसार प्रत्येक कार्यक्रमाचे वयोगटानुसार वर्गीकरण करून ते सुरुवातीलाच दाखवावे लागते. १३+ आणि त्यावरील कार्यक्रमांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय देणे बंधनकारक आहे. हे कुलूप सेवेच्या 'सेटिंग्ज'मध्ये असते. चार अंकी पिन ठरवणे आणि मुलांसाठी स्वतंत्र प्रोफाइल उघडणे हे पाच मिनिटांचे काम आहे. तथापि, कुलूप फक्त दार बंद करते. शेजारच्या मित्राच्या मोबाइलला ते लागू होत नाही आणि दार उघडल्यावर मुलाच्या शेजारीही ते बसत नाही.

पडद्यावरील भूतबाधा आणि ख्रिस्तसभेची शिकवण

'मुंज्या'मध्ये भूत उतरवणारा इसम एल्विस करीम प्रभाकर असे तीन धर्मांची आठवण करून देणारे नाव धारण करतो. ती गंमत आहे आणि गंमत म्हणूनच ती घ्यावी. परंतु १९७३ च्या 'द एक्झॉर्सिस्ट'पासून क्रूस हाती घेतलेला धर्मगुरू हा भयपटांचा नेहमीचा भाग झाला आहे. त्यामुळे आपली मुले कधी ना कधी विचारणारच, "हे खरेच असते का?" त्यांना नेमके उत्तर द्यावयास हवे.

ख्रिस्तसभा सैतानाचे अस्तित्व नाकारत नाही. मात्र कॅनन लॉच्या ११७२ व्या कलमानुसार, स्थानिक धर्माधिकाऱ्यांची विशेष आणि स्पष्ट परवानगी असल्याशिवाय कोणालाही अपदूत-निस्सारणाचा विधी करता येत नाही. ही परवानगी केवळ धार्मिकता, ज्ञान, विवेक आणि शुद्ध आचरण असलेल्या धर्मगुरूलाच दिली जाते. आजार, विशेषतः मानसिक आजार, ही पूर्णतः वेगळी गोष्ट असून त्यावर उपचार करणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे, असे कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद १६७३) सांगतो. याच ग्रंथाने (परिच्छेद २११६) मृतात्म्यांना बोलावण्याचे प्रकारही त्याज्य ठरवले आहेत. मुलांमध्ये चालणारा 'प्लँचेट'चा खेळ याच प्रकारात मोडतो.

हा विषय केवळ पडद्यापुरता राहत नाही. अबोल झालेली, झोप उडालेली किंवा विचित्र बोलू लागलेली मुलगी 'झपाटली' असे समजून तिला एखाद्या बाबाकडे नेण्याचे प्रकार आजही घडतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे किंवा मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अशा मुलीला गरज असते ती डॉक्टरांची. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून कार्यरत आहे. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य मार्गदर्शन मिळते. तेथे दूरध्वनी करण्यात कसलाही कमीपणा नाही.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे मुलांनी पाहण्यापूर्वी चित्रपटाचा वयोगट आपण स्वतः पाहावा. दुसरे असे की, मूल मोठे असेल आणि त्याला भयपट पाहायचाच असेल, तर तो रविवारी दुपारी, दिवाणखान्यात, आपल्यासोबत पाहू द्यावा. दिवसाचा उजेड आणि घरच्यांची सोबत यांमुळे भीतीची धार बोथट होते. तिसरे, भय कसे निर्माण केले जाते ते मुलांना सांगावे. 'मुंज्या'तील भूत संगणकाच्या साहाय्याने तयार केलेले आहे. आधी शांतता आणि मग एकाएकी मोठा आवाज, ही दचकवण्याची ठरलेली युक्ती आहे. आवाज पूर्ण बंद करून तोच प्रसंग पुन्हा पाहिला, तर मुले बहुधा हसू लागतात.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्या रात्री मुलाने दिवा चालू ठेवण्याचा हट्ट केला, तर त्याची चेष्टा करू नये. "एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?" या एका वाक्याने मूल पुढच्या वेळी आपली भीती लपवायला शिकते. आज पडद्यावरच्या भुताविषयी गप्प बसलेले मूल उद्या शाळेतील छळाविषयी किंवा मोबाइलवर आलेल्या धमकीविषयीही गप्प बसेल.

लोकलने थकून घरी आल्यावर आपल्याजवळ वेळ थोडाच उरतो, याची आम्हांला जाणीव आहे. तरीही झोपण्यापूर्वीची दहा मिनिटे मुलाजवळ बसून "आज काय पाहिलेस?" एवढे विचारता येईल. त्याचे उत्तर शांतपणे ऐकून घेतले, तर भीती वाटल्यावर कोणाकडे जायचे हे त्याला ठाऊक राहील.