औषध मोफत, सातत्याचे काय?

एचआयव्हीबाधितांना सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधे देण्यास देशात १ एप्रिल २००४ रोजी सुरुवात झाली. २०१७ पासून तर चाचणीत बाधा निष्पन्न होताच, सीडी-४ पेशींची संख्या कितीही असली तरी, उपचार सुरू केले जातात. औषध मिळण्याचा प्रश्न त्यामुळे बऱ्याच अंशी सुटला. ते रोज आणि आयुष्यभर घेण्याचा प्रश्न मात्र कायम आहे.

ही औषधे विषाणूचा समूळ नायनाट करीत नाहीत, त्याची वाढ रोखतात. काही विषाणू पेशींमध्ये सुप्तावस्थेत दडून राहतात. गोळ्या चुकत गेल्या की रक्तातील औषधाचे प्रमाण घटते आणि विषाणू पुन्हा वाढू लागतो. या वाढीत त्याच्या रचनेत सतत बदल होतात. त्यांतील औषधाला दाद न देणारा विषाणू अशा वेळी फोफावतो आणि कालपर्यंत गुणकारी असलेले औषध निरुपयोगी ठरते. म्हणूनच किमान ९५ टक्के मात्रा घेतल्या जाव्यात, असा निकष रूढ झाला. रोज एक गोळी असेल, तर महिन्यातून फार तर एक चुकलेली चालेल, असा त्याचा अर्थ.

गोळी चुकते ती केवळ विसराळूपणामुळे नव्हे. बरे वाटू लागले की औषधाची गरज उरली नाही, असा समज होतो. ऊसतोडणीसारख्या कामासाठी महिनोन् महिने गाव सोडणाऱ्यांना उपचार केंद्र दुरावते. सर्वांत मोठा अडसर मात्र लपवाछपवीचा. घरच्यांसमोर डबी उघडण्याची भीती असेल, तर गोळीची ठरलेली वेळ पाळणार कशी?

यावर उपाय आहेत. स्थलांतरापूर्वी केंद्रात कळविल्यास कामाच्या गावाजवळील केंद्रातून औषध घेण्याची व्यवस्था होऊ शकते. गोळी चुकल्यास आठवताच घ्यावी. पुढील मात्रेची वेळ जवळ आली असल्यास दुप्पट मात्रा घेऊ नये. लोह, कॅल्शियम वा आम्लपित्ताची औषधे सुरू असल्यास डॉक्टरांना सांगावे, कारण त्यांमुळे सध्याच्या उपचारांतील डोल्युटेग्राव्हिर हे औषध शरीरात नीट शोषले जात नाही. १०९७ या निःशुल्क क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

नियमित औषधाने रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. बाधिताशी भेदभाव करण्यास १० सप्टेंबर २०१८ पासून कायद्याने मनाई आहे. मात्र घरात सर्वांदेखत गोळी घेता येण्याइतका विश्वास कायदा देऊ शकत नाही. तो कुटुंबीयांनीच द्यायला हवा.