निधनानंतरचे व्यवहार : लेखांक ४ – नाव लागणे आणि मालक होणे

गेल्या लेखांकात मृत्युपत्र आणि त्याचे प्रोबेट यांचा विचार झाला. परंतु आपल्याकडे पुष्कळ माणसे मृत्युपत्र न करताच निवर्ततात, आणि त्यांच्या मागे मृत्युपत्राची जागा बहुधा छापील अर्जातील एका रकान्याने घेतलेली असते. बँकेत ठेव ठेवताना, विम्याचा अर्ज भरताना किंवा गृहनिर्माण संस्थेचे सभासदत्व घेताना ‘नॉमिनी’ म्हणून घाईघाईने लिहिलेले पत्नीचे अथवा थोरल्या चिरंजीवांचे नाव म्हणजेच मालकीचा अखेरचा निर्णय, ही समजूत इतकी रूढ आहे की, चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही तेरावे आटोपते न आटोपते तोच “नॉमिनी कोणाला लावलंय?” हा प्रश्न निघतो, आणि वारस कोण कोण, हे विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

कायद्याची दृष्टी याहून निराळी आहे. नामनिर्देशित इसम हा रक्कम स्वीकारण्याचा अधिकारी. त्याला रक्कम दिली की बँक वा कंपनी आपल्या जबाबदारीतून मोकळी होते, परंतु ती रक्कम अखेर कोणाची, हा प्रश्न वारसाहक्काच्या कायद्यानेच सुटावयाचा असतो. या बाबतीतला प्रमाणभूत निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९८३ च्या डिसेंबरात ‘सरबती देवी विरुद्ध उषा देवी’ या दाव्यात दिला. प्रत्येकी दहा हजारांच्या दोन विमा पॉलिसी असलेले एक गृहस्थ १९६७ साली मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, पत्नी आणि मुलगा. पॉलिसींवर नाव एकट्या पत्नीचे, म्हणून सगळी रक्कम आपलीच, असे तिचे म्हणणे. दोन तृतीयांश आमचे, असा आई व मुलगा यांचा दावा. खालचे न्यायालय, जिल्हा न्यायालय, दिल्लीचे उच्च न्यायालय या तिन्ही ठिकाणी आई-मुलाची बाजू हरली, आणि गृहस्थांच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात त्यांना त्यांचे दोन वाटे मिळाले. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने, आईवडील, पती-पत्नी वा मुले यांना नामनिर्देशित केले असल्यास लाभही त्यांचाच, अशी तरतूद विमा कायद्यात आली, आणि तिचा अर्थ किती व्यापक घ्यावा यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. म्हणून विम्यापुरता वकिलाचा सल्ला घेतलेला बरा. कंपन्यांच्या समभागांच्या बाबतीत मात्र २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने जुनाच कौल कायम केला.

या दाव्यातील आईकडे वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधावयाचे आहे. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेचे पहिल्या वर्गातील वारस म्हणजे विधवा, मुलगे, मुली आणि आई (आधी वारलेल्या मुलामुलींची संततीही त्यात येते), आणि या आईस मुलाइतकाच पूर्ण वाटा आहे. पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि वृद्ध माता असे कुटुंब असेल तर पाच समान वाटे पडतात. वडील हयात असले तरी ते दुसऱ्या वर्गातले. पहिल्या वर्गातील एक जरी वारस असला तरी त्यांना काही मिळत नाही. म्हातारीची सोय होतेच आहे, तिला कागदावर कशाला ओढायचे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचा हेतू वाईट असतो असेही नाही. पण सोय आणि हक्क या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

नामनिर्देशनच नसेल, आणि रक्कम मोठी असेल, तर बँक न्यायालयाचा वारसा दाखला मागते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाखालचा हा दाखला केवळ येणे रकमा व रोखे यांपुरता चालतो. घरजमिनीस त्याचा उपयोग नाही. स्थावरासाठी आपल्याकडे अद्यापही एल्फिन्स्टनच्या अमदानीतील १८२७ चे आठवे रेग्युलेशन कामास येते, ज्याखाली न्यायालय जाहीरनामा काढून, हरकतींची मुदत देऊन, अर्जदारास वारस म्हणून मान्यता देते. पेशवाई बुडाल्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी झालेला हा कायदा आजही दिवाणी न्यायालयांत रोज उच्चारला जातो, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

गृहनिर्माण संस्थांविषयी थोडक्यात सांगता येईल: २०१९ च्या दुरुस्तीनंतर संस्था नामनिर्देशितास तात्पुरता सभासद करून घेते, आणि खरे वारस कागदपत्रांनिशी पुढे येईपर्यंतच त्याचे ते स्थान असते.

गावाकडील जमिनीची कथा मात्र सविस्तर सांगावयास हवी, कारण तेथे ‘सातबाऱ्यावर नाव लागले’ म्हणजे सर्व काही झाले असे मानण्याची वहिवाट आहे. वारसाने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास वर्दी द्यावयाची; मृत्यूचा दाखला आणि वंशावळीचे शपथपत्र जोडावयाचे; वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते, मग फेरफार पडतो, हितसंबंधी लोकांस नोटिसा जातात, पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, आणि नावे सातबाऱ्यावर उतरतात. महसूल दप्तरातील ही नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच तिचे बळ. तिने मालकी निर्माण होत नाही आणि, हे अधिक महत्त्वाचे, नाव वगळल्याने मालकी नष्टही होत नाही.

नेमकी येथेच बहिणींची नावे गळतात. शपथपत्रातील वंशावळीत त्या दाखविलेल्याच नसतात, किंवा “आम्हांस काही नको” असा जबाब तलाठ्यापुढे लिहून घेऊन भाऊ निर्धास्त होतात. महाराष्ट्राने १९९४ सालीच, अविवाहित मुलींपुरता का होईना, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीस जन्मसिद्ध हक्क दिला होता; २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो सर्व मुलींना मिळाला, आणि त्यासाठी ही दुरुस्ती अमलात आली त्या दिवशी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, हे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध केले. एवढा हक्क तलाठ्यापुढच्या चार ओळींनी सुटत नाही. तो सोडावयाचा तर दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेले हक्कसोडपत्र लागते. माहेर तुटेल या धास्तीने केलेल्या सहीस राजीखुशीची सही म्हणावयास माझे मन घेत नाही. पण ज्या बहिणीस खरोखरच हिस्सा नको असेल तिनेही आपले नाव आधी लावून घ्यावे आणि मग नोंदणीकृत दस्ताने सोडावे, म्हणजे पुढे तिच्या मुलांना आणि भावाच्या मुलांना जुने जबाब धुंडाळीत न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. ज्या बहिणीचे नाव वगळून फेरफार पडत असेल, तिने त्या पंधरा दिवसांत लेखी हरकत द्यावी आणि तिची पोच घ्यावी. मग ते प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाऊन सुनावणीस लागते. तोंडी हरकत दप्तरात दिसत नाही.

हा सारा क्रम पुरुषाच्या मालमत्तेचा झाला. स्त्री निवर्तल्यास वारसांची परंपरा अगदी वेगळी आहे, आणि निपुत्रिक विधवेच्या बाबतीत तर तिच्या कमाईवर सासरचा हक्क माहेरच्या आधी उभा राहतो. त्याचा विचार पुढील आठवड्यात.