जीवाणूंची तटबंदी

आपल्या भाषेत ‘जंतू’ हा शब्द फार ऐसपैस आहे. पोटातील कृमी, क्षयाचे कारण, पडशाचे कारण, सारेच त्यात सामावते. बोलण्यात हा सैलपणा खपतो; औषधाच्या दुकानात तो महाग पडतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या लांजीच्या शाळेतील एक मुलगा पडसे झाले म्हणून प्रतिजैविकाच्या गोळ्या खिशात घेऊन आला. “जंतू मारायला आहेत, गुरुजी,” तो म्हणाला. त्याला उत्तर देताना मला जीवाणूच्या भिंतीपर्यंत जावे लागले. मी कलाशाखेचा पदवीधर. तरी जे समजले ते येथे मांडतो.

जीवाणू हा एकपेशीय जीव. त्याच्या पेशीत क्षार, शर्करा, प्रथिने यांची दाटी असते. बाहेरचे पाणी त्यामानाने पातळ. मनुका पाण्यात टाकला की फुगतो, तसेच येथेही पाणी आत शिरू पाहते. काही जीवाणूंत आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे वीसपट भरतो. नुसते पातळ पटल तो कसा सोसणार? त्याला आवरून धरते ती पेशीभित्तिका.

हा शब्द मला पुरता रुचत नाही. भिंत म्हटली की आमच्या लांजीच्या किल्ल्याचा तट आठवतो, बाहेरच्याला अडविणारा. ही भिंत मुख्यतः आतल्याला सावरते, आणि ती रचलेली नसून विणलेली आहे. दोन प्रकारच्या शर्करांच्या, एकाआड एक गुंफलेल्या, लांब माळा. त्यांना एकमेकींशी जोडणारे अमिनो आम्लांचे आखूड टाके. फुटबॉलच्या फुग्यावरचे चामडे म्हणावे तर अधिक जवळ जाते. पाणी व अन्नाचे लहान रेणू तीतून सहज जातात. जीवाणू गोल की दंडाकृती, हेही तीच राखते.

१८८४ साली हान्स क्रिस्टिअन ग्राम या डॅनिश वैद्याने जीवाणू रंगविण्याची रीत प्रसिद्ध केली. जांभळा रंग व आयोडीन देऊन अल्कोहोलने धुतले असता काही जीवाणू रंग धरून ठेवतात, काही सोडतात. धरणाऱ्यांची जाळी जाड, अनेक पदरी. सोडणाऱ्यांची अगदी पातळ, पण तिच्यावर आणखी एक स्निग्ध पटल असते. क्षय व कुष्ठरोग यांच्या जीवाणूंची भिंत तर मेणचट द्रव्यांनी माखलेली. त्यांच्यावरील उपचार लांबण्याचे ते एक कारण होय.

जीवाणू वाढताना जुने टाके उसवतो व नवे घालतो. पेनिसिलिन टाके घालणाऱ्या विकरालाच जखडते. उसवणे चालू राहते, शिवणे थांबते. मग आतल्या दाबानेच पेशी फुटते. मनुष्याच्या पेशींना अशी भित्तिकाच नसल्यामुळे हा मारा त्यांना लागत नाही, मात्र काहींना या औषधाचे वावडे असते. पुण्याजवळ पिंपरीस १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ पासून हे औषध तयार होऊ लागले. काही जीवाणूंनी तोवर पेनिसिलिनच मोडणारे विकर पैदा केले होते. अकारण घेतलेल्या गोळ्यांनी अंगातील निरुपद्रवी जीवाणू मरतात, आणि औषधाला दाद न देणारे तेवढे उरतात.

पडसे होते विषाणूंमुळे. विषाणूला ना पेशी, ना भित्तिका. मग गोळीने फोडावे ते काय? मुलाने विचारले, “मग पडसे बरे कसे होते?” शरीर स्वतःच चार-सहा दिवसांत ते निस्तरते, असे मी सांगितले. गोळ्या मात्र त्याच्या आईकडे परत पाठविल्या, डॉक्टरांना दाखवाव्यात म्हणून.