हात हललेला चालतो, माशी नाही

चेन्नईच्या वेलाचेरी भागात गुरू नानक कॉलेजच्या आवारात नेमबाजीची रेंज आहे. जानेवारी २०२४ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा तमिळनाडूत भरल्या, तेव्हा नेमबाजीच्या लढती इथे झाल्या. अशा रेंजवर दहा मीटर अंतरावरच्या लक्ष्यासमोर उभं राहिलं की एक काळं वर्तुळ दिसतं, ५९.५ मिलिमीटर व्यासाचं. त्याच्या पोटात दहा गुणांचं वर्तुळ असतं. ते अवघं ११.५ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. एका हातात साधारण एक किलोचं पिस्तूल धरायचं, दुसऱ्या हाताचा आधार घ्यायचा नाही, मनगटाला पट्टा बांधायचा नाही आणि ७५ मिनिटांत ६० शॉट मारायचे. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरनं याच प्रकाराच्या पात्रता फेरीत ६०० पैकी ५८० गुण मिळवले. हिशेब करून पाहा: ६० शॉटमध्ये फक्त २० गुण गेले, म्हणजे किमान ४० शॉट त्या बटणावर बसलेच असणार.

माणसाचा लांब केलेला हात कधीच स्थिर नसतो. कुणाचाच नसतो. स्नायूंचा स्वतःचा एक बारीक कंप असतो, सेकंदाला आठ ते बारा वेळा. त्यात श्वास आणि नाडीचे ठोके मिसळतात. मग हे जमतं कसं? मला वाटतं, ‘नवशिक्यानं पहिलं पिस्तूल कोणतं घ्यावं’ या प्रश्नाचं उत्तर याच प्रश्नाच्या पोटात आहे.

आधी कायद्याचं सांगून टाकतो, कारण आपल्याकडे निवडीची सुरुवात तिथूनच होते. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम यांच्यामुळे दारूगोळ्याचं कुठलंही पिस्तूल परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि परवान्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात. हवाई पिस्तुलाचं तसं नाही. ज्याचा छर्रा ४.५ मिलिमीटरपर्यंतचा आहे आणि ज्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत आहे, त्याला परवाना लागत नाही. स्पर्धेचं हवाई पिस्तूल या मर्यादेच्या पुष्कळच खाली असतं. त्याचा शिशाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला सुमारे १५० मीटर. ऊर्जा साडेपाच-सहा ज्यूलच्या आसपास. त्यामुळे चेन्नई असो की कोल्हापूर, शिकणाऱ्याच्या हातात पहिल्यांदा येतं ते हवाई पिस्तूल. ही निव्वळ कायद्यानं घातलेली अडचण असती, तर मला वाईट वाटलं असतं. पण परवाना सहज मिळत असता तरी मी हेच सुचवलं असतं, आणि त्याचं कारण साध्या भूमितीत आहे.

पिस्तुलावर नेम धरायच्या दोन खुणा असतात. डोळ्याजवळची रिअर साइट, तिला मधोमध चौकोनी खाच. नळीच्या टोकाला फ्रंट साइट, म्हणजे माशी. माशी खाचेत अशी बसली पाहिजे की दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसावा आणि वरच्या कडा एका रेषेत याव्यात. या दोन खुणांमधलं अंतर साधारण ३५ सेंटिमीटर असतं आणि लक्ष्य दहा मीटरवर.

आता समजा, हात थरथरला आणि खुणांची जुळणी न मोडता अख्खं पिस्तूल पाच मिलिमीटर डावीकडे सरकलं. छर्रा किती सरकेल? पाचच मिलिमीटर. वर्तुळाच्या रेषेला छर्रा नुसता शिवला तरी वरचा गुण मिळतो, त्यामुळे मध्यापासून आठ मिलिमीटरपर्यंतचा शॉट दहाच मोजला जातो. म्हणजे पाच मिलिमीटर हात हलूनही पूर्ण गुण. पण हात जागच्या जागी राहिला आणि मनगट किंचित वळून माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली तर? ती चूक ३५ सेंटिमीटरवर एक मिलिमीटर असते. दहा मीटरवर पोचेपर्यंत ती अठ्ठावीस पटींहून जास्त वाढते. शॉट जातो थेट सातच्या वर्तुळात. दहा गुण हवे असतील, तर खाचेतली चूक पाव मिलिमीटरच्या फार पलीकडे जाऊन चालत नाही.

मला या हिशेबाचं आश्चर्य अजून संपलेलं नाही. नवशिका सगळी शक्ती हात न हलवण्यावर खर्च करतो, आणि खेळ मात्र हाताच्या हलण्याला मोठ्या मनानं माफ करतो. माफी नाही ती जुळणी बिघडण्याला. आणि ती जुळणी दिसायची तर नजर माशीवर ठेवावी लागते. डोळ्याचं भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्वच्छ पाहू शकतं. खाच, माशी आणि लक्ष्य तिन्ही रेखीव दिसणं शक्यच नाही. म्हणून नेमबाज लक्ष्याला धूसर होऊ देतो आणि काळ्या वर्तुळाच्या खाली, पांढऱ्या भागात माशी टेकवून उभा राहतो. ज्याच्यावर नेम धरायचा तेच पाहायचं नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं. प्रशिक्षक तर पुष्कळदा लक्ष्यच काढून टाकतात आणि मुलांना कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर, छर्रा न भरता, ड्राय प्रॅक्टिस करायला लावतात.

यातून पिस्तूल निवडायची पहिली कसोटी हाती येते: खुणा स्वच्छ, काटकोनी आणि फिरवून जुळवता येणाऱ्या हव्यात. चित्रपटात शोभेल असं दिसणारं, कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या कॅप्सूलवर चालणारं प्रतिकृती-पिस्तूल दुकानात खुणावत असतं, स्वस्तही असतं. ते घेऊ नका. त्याच्या खुणा आखूड अंतरावर असतात आणि बहुधा हलवता येत नाहीत, ट्रिगर ओबडधोबड असतो. त्यातली बरीचशी स्टीलच्या गोळ्या मारतात, आणि त्या कठीण पृष्ठभागावर आदळून उलट येतात. तमिळ पडद्यावर दणकेबाज पिस्तुलं चालवणारा अजित कुमार स्वतः चेन्नई रायफल क्लबकडून नेमबाजी करतो आणि तमिळनाडूच्या राज्य स्पर्धेत त्यानं पदकं मिळवली आहेत. रेंजवर त्याच्या हातात असतं ते स्पर्धेचं पिस्तूल.

दुसरी कसोटी ट्रिगरची. नेम जुळला हे डोळ्यानं पाहिलं, मेंदूनं ठरवलं आणि बोट हललं, यात सेकंदाचा पाचवा भाग सहज जातो. तेवढ्या वेळात हाताचा तो बारीक कंप दोनदा येऊन गेलेला असतो. ‘आत्ता!’ असं म्हणून ओढलेला ट्रिगर त्यामुळे नेहमीच उशिरा ओढलेला असतो, आणि झटक्यानं मनगट वळतं ते निराळंच. म्हणून बोटाचा दाब सावकाश वाढवत न्यायचा आणि शॉट आपल्याला जवळजवळ नकळत सुटू द्यायचा. आंतरराष्ट्रीय नियमानुसार हवाई पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन उचलून धरू शकला पाहिजे. चांगलं पिस्तूल या आकड्याच्या अगदी जवळ बसवता येतं. ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो: पहिला सैल प्रवास, मग एक स्पष्ट थांबा, मग काच तुटल्यासारखा शेवट. त्या थांब्यावर बोट टेकलं की पुढे किती उरलंय हे कळतं. कमरेला लावायच्या रिव्हॉल्व्हरचा पूर्ण खेच तीन-चार किलोंचाही असतो, म्हणजे शस्त्राच्या स्वतःच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त. एक किलोच्या वस्तूवर चार किलो जोर लावायचा आणि माशी पाव मिलिमीटरही हलू द्यायची नाही, हे पहिल्या दिवशी कुणाला शिकवायचं म्हणजे त्याला खेळातून घालवून देणंच आहे. त्यात मोठा आवाज आणि धक्का आले की बोट ओढण्याआधीच शरीर दचकायला शिकतं. ती सवय एकदा अंगात शिरली की काढायला फार कष्ट पडतात. हवाई पिस्तुलाला धक्का नसल्यासारखाच. त्यामुळे चूक झाली तर ती तुमचीच असते आणि लक्ष्यावर स्वच्छ उमटते.

ग्रिपबद्दल मी जरा आग्रहानं बोलेन. श्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, पार्दिनी अशी नावं रेंजवर कानावर पडतात आणि नवा मुलगा त्यातलं कुठलं श्रेष्ठ यावर वाद घालत बसतो. ही सगळी पिस्तुलं उत्तम आहेत. कुणाही नवशिक्यापेक्षा ती अचूकच असतात. किंमत मात्र लाखाच्या पुढे जाते. फरक पडतो तो हाताच्या मापाचा. अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत आणि डाव्या-उजव्या हातासाठी वेगळी येते. तळहाताखालची पट्टी वरखाली सरकते. डोळे मिटून पिस्तूल उचलायचं, डोळे उघडायचे: माशी आपोआप खाचेच्या मध्यात आली असेल तर ग्रिप तुमची. रोज मनगट वळवून ती आणावी लागत असेल, तर जगातलं सर्वांत महाग पिस्तूलही तुम्हाला रोज थोडं थोडं चुकवत राहील. अनुभवी नेमबाज लाकूड कानशीनं घासतात, जिथे कमी पडतं तिथे लांबी भरतात. चेन्नईच्या दमट हवेत तळहाताला घाम सुटतो, गुळगुळीत लाकूड निसटतं. म्हणून ग्रिपचा खरखरीतपणा इथे चैनीचा भाग नाही. समुद्राच्या हवेत पोलादाला गंजही लवकर धरतो, तेव्हा रोजचं पुसणं आलंच.

आणि या शहराच्या उकाड्याशी जोडलेली एक गोष्ट तर मला फारच मोहक वाटते. छर्रा ढकलायला दाबाखालचा वायू लागतो. एके काळी स्पर्धेतली पुष्कळ पिस्तुलं कार्बन डायऑक्साइडवर चालत. हा वायू दाबून नळकांड्यात भरला की त्याचा बराचसा भाग द्रव होतो. एक शॉट मारला, थोडा वायू खर्च झाला, की तेवढाच द्रव उकळून ती जागा भरून काढतो. दाब जवळजवळ तोच राहतो. २० अंश सेल्सिअसला तो सुमारे ५७ बार असतो. पण ही घडी ३१ अंशांपर्यंतच टिकते. त्याच्यावर गेलं की कार्बन डायऑक्साइडमध्ये द्रव आणि वायू हा भेदच उरत नाही. कितीही दाबलं तरी तो द्रव होत नाही. चेन्नईत मे महिन्यात पारा चाळिशीला भिडतो. म्हणजे वातानुकूलन नसलेल्या रेंजवर त्या नळकांड्यात एक असा पदार्थ असतो, ज्याला धड द्रवही म्हणता येत नाही आणि धड वायूही. भर घालणारा द्रवाचा साठा नाहीसा झालेला, दाब तापमानाबरोबर वर चढलेला आणि प्रत्येक शॉटनिशी उतरणारा. सकाळी जुळवलेल्या खुणा दुपारी चुकतात, तेव्हा बिचाऱ्या नवशिक्याला वाटतं आपलाच हात बिघडला.

आजची पिस्तुलं साध्या हवेवर चालतात. सिलिंडरमध्ये ती २०० बारपर्यंत भरतात आणि आतला रेग्युलेटर प्रत्येक शॉटला त्यातली मोजून, ठरलेल्या दाबाची हवा देतो. सिलिंडरचा दाब उतरत गेला तरी छर्र्याचा वेग बदलत नाही. मात्र वापरलेलं पिस्तूल घेत असाल, आणि नवशिक्यासाठी तो शहाणपणाचा मार्ग आहे, तर आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. त्याची मुदत साधारण दहा वर्षांची असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि २०० बारच्या बाबतीत घरीही चालवू नये.

अर्थात, पहिले काही महिने विकत काही घेऊच नका. क्लबचं पिस्तूल वापरा. चेन्नई रायफल क्लब एग्मोरला जुन्या पोलीस आयुक्तालयाच्या आवारात आहे. तिथे किंवा कुठल्याही रीतसर क्लबात सर्वांत आधी शिकवली जाते ती सुरक्षितता: नळीचं तोंड कायम लक्ष्याकडे, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर आणि शॉट मारत नसताना नळीतून आरपार गेलेला भडक रंगाचा दोरा, म्हणजे पिस्तूल रिकामं आहे हे लांबूनही दिसावं. हवाई असलं तरी ते डोळा फोडू शकतं.

क्लबातून राज्य स्पर्धा, आणि तिथून पुढच्या वाटेवर चेन्नईच्या मुलांना एक मराठी नाव भेटतं: मावळंकर. लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष होते. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची अखिल भारतीय स्पर्धा त्यांच्याच नावानं भरते.

पॉइंट टू टूचं, म्हणजे .२२चं पिस्तूल येतं ते या टप्प्यानंतर, परवान्यासह. त्याच्या गोळीची ऊर्जा शंभर ज्यूलच्या वर, ट्रिगर किमान एक किलोचा, लक्ष्य २५ मीटरवर. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात, शूट-ऑफपर्यंत ताणलेल्या अंतिम फेरीत सुवर्णपदक जिंकलं. आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. त्या प्रकाराच्या जलद फेरीत हात खाली धरून उभं राहायचं असतं. लक्ष्य तीन सेकंद दिसतं आणि सात सेकंद जातं. त्या तीन सेकंदांत हात वर येतो, माशी खाचेत बसते आणि एक शॉट सुटतो. असं पाच वेळा, की एक मालिका पूर्ण होते.