सीएमएमवर 'अ‍ॅक्सिस ड्राइव्ह एरर' आला? मोटर गेलीच असं समजू नका

रात्रपाळी सुरू आहे. पहिला पीस तपासून पास झाला की मगच लॉट पुढे जाणार. तेवढ्यात क्वालिटी रूममधलं सीएमएम मध्येच थांबतं आणि स्क्रीनवर येतं, 'वाय अ‍ॅक्सिस ड्राइव्ह एरर'. चाकण, भोसरी किंवा वाळूजच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही. अशा वेळी पहिला अंदाज असतो, 'मोटर गेली!' पण दोष दुसरीकडेही असू शकतो.

सीएमएम म्हणजे काय?

सीएमएम म्हणजे कोऑर्डिनेट मेजरिंग मशीन. ग्रॅनाइटचं जाड टेबल, त्यावर पुढे-मागे सरकणारा पूल आणि पुलावरून खाली येणारा प्रोब. प्रोबचं टोक पार्टला टेकलं की त्या बिंदूची जागा एक्स, वाय आणि झेड या तीन दिशांत नोंदली जाते. मोजमाप मायक्रॉनमध्ये चालतं. १ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

बहुतेक सीएमएममध्ये हा पूल चाकांवर नाही, तर हवेवर चालतो. एअर बेअरिंगमधून दाबाने हवा येते आणि पूल ग्रॅनाइटपासून काही मायक्रॉन वर तरंगतो.

मग एरर नेमका काय सांगतो?

कंट्रोलर मोटरला सांगतो, इतकं सरक. अ‍ॅक्सिसवरची स्केल आणि तिच्यावरून फिरणारं रीड हेड सांगतं, प्रत्यक्षात इतकं सरकलं. या दोन्हींत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक पडला की कंट्रोलर ड्राइव्ह बंद करतो.

म्हणजे एररचा अर्थ एवढाच, की 'सांगितलं तसं घडलं नाही'. कारण तीनपैकी कुठेही असू शकतं. वाटेत काहीतरी अडतंय, सरकलेलं नीट वाचलं जात नाही, किंवा मोटर ओढतच नाही.

तपासायचं कुठून?

सोप्याकडून अवघडाकडे.

१. नोंद करा. एररचा कोड, अ‍ॅक्सिस आणि पूल नेमका कुठे थांबला ते लिहा किंवा फोटो काढा. रीसेट केल्यावर ही माहिती जाऊ शकते.

२. हवा बघा. मशीनवरचा प्रेशर गेज मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळतो का? दुसऱ्या लाइनवर हवेचा वापर वाढला की इथला दाब पडतो. फिल्टरच्या वाटीत पाणी किंवा तेल दिसलं तर दोष कंप्रेसरच्या बाजूला शोधा.

३. हाताने सरकवा. मॅन्युअल परवानगी देत असेल तर हवा चालू आणि ड्राइव्ह बंद ठेवून पूल हलकेच ढकला. एका जागी अडत असेल तर गाइडवर घाण किंवा बेल्टमध्ये अडथळा असू शकतो. झेड अ‍ॅक्सिस उभा असतो, तो खाली येऊ शकतो, म्हणून हा प्रयोग त्यावर करू नका.

४. स्केल बघा. तिच्यावर तेलाचं बोट लागलं किंवा धूळ बसली तरी रीडिंग चुकू शकतं. कंपनीने सांगितलेल्या पद्धतीनेच पुसा.

५. केबल बघा. एरर प्रत्येक वेळी त्याच जागी येतो? मग रोज वाकून-सरळ होणाऱ्या केबलची तार आतून तुटलेली असू शकते.

इतकं करूनही एरर गेला नाही, तर मोटर, अ‍ॅम्प्लिफायर आणि कंट्रोलर कार्ड हे सर्व्हिस इंजिनिअरचं काम. तुमची नोंद त्याचा वेळ वाचवेल.

काय करू नये?

हवा बंद असताना पूल ढकलू नका, बेअरिंग आणि ग्रॅनाइट दोन्हींवर ओरखडे पडू शकतात. आणि कारण न शोधता रीसेटवर रीसेट मारत बसू नका.

मशीन सुरू झालं, म्हणजे संपलं?

नाही. खरा धोका इथेच आहे. थांबलेलं मशीन सगळ्यांना दिसतं, चुकीचं मोजणारं दिसत नाही. आधी प्रोब कॅलिब्रेट करा, मग माप माहीत असलेला गेज ब्लॉक किंवा रिंग गेज मोजा. आकडा जुळला तरच लॉट सोडा. स्केल, रीड हेड किंवा बेअरिंगला हात लागला असेल, तर मशीनची अचूकता पुन्हा तपासून घ्या.

लॉट तासभर उशिरा गेला तर बोलणी बसतील. चुकीच्या मापावर पास होऊन गेला, तर तो परत येईल.